आम्लपित्त आणि कानातला आवाज : एका प्रकरणाचा अभ्यास

छातीत जळजळते आणि कानात सतत आवाज येतो, अशा दोन तक्रारी एकाच वेळी घेऊन येणारा रुग्ण त्या दोहोंतील नाते बहुधा स्वतःच जोडून आलेला असतो. आंबट पाणी घशाशी येते, घसा आणि कान आतून जोडलेले आहेत, तेव्हा आम्लच कानापर्यंत पोहोचत असणार, असा त्याचा तर्क असतो. हा तर्क उडवून लावण्याजोगा नाही, कारण त्याचा एक भाग शरीररचनेला धरून आहे; मात्र तो तपासून न पाहता स्वीकारला, तर रुग्ण महिनोन्‌महिने आम्लाच्या गोळ्या घेत राहतो आणि कानाकडे कोणाचेच लक्ष जात नाही. पुढील प्रकरण ही कोणा एका व्यक्तीची नोंद नाही. कान-नाक-घशाच्या बाह्यरुग्ण विभागात नेहमी दिसणाऱ्या चित्रांवरून ते अभ्यासासाठी रचले आहे. त्यात आलेले संशोधनाचे दाखले मात्र प्रत्यक्षातले आहेत.

रुग्ण आणि तक्रार

वय ४७, व्यवसाय छपाईच्या यंत्रावर काम, तेही सुमारे वीस वर्षे आणि त्यातील बराचसा काळ कानांना कोणतेही संरक्षण नसताना. या गृहस्थांना तीन वर्षांपासून आम्लपित्ताचा त्रास होता: जेवणानंतर छातीत जळजळ, आडवे झाले की आंबट ढेकर, सकाळी उठल्यावर घसा खाकरत राहणे. सात महिन्यांपासून दोन्ही कानांत आवाज येऊ लागला होता आणि डावीकडे तो अधिक जाणवत होता. पाच महिन्यांपासून ते स्वतःच्याच मनाने पँटोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी ४० मिलिग्रॅम घेत होते, आधी एकदा आणि मग फरक पडेना म्हणून दोनदा. कंबरदुखीसाठी आठवड्यातून चार-पाच दिवस आयबुप्रोफेन चालू होते. ते ‘औषध’ म्हणून सांगण्याचे त्यांच्या मनातही आले नव्हते, वेदनाशामक घेता का असे थेट विचारल्यावरच कळले. त्यांचा प्रश्न एकच होता: पित्ताची गोळी आणखी वाढवली तर कानातला आवाज थांबेल का?

गिळताना अन्न अडकणे, वजन घटणे, काळी शौच, रक्ताची उलटी यांपैकी काही नव्हते. चक्कर नव्हती, चेहऱ्याच्या स्नायूंत कमजोरी नव्हती आणि आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर येत नव्हता. या नकारांना सकारात्मक निष्कर्षांइतकेच महत्त्व आहे, कारण यांपैकी एकाचेही उत्तर ‘हो’ असते तर पुढची वाट वेगळी झाली असती.

आवाज कसला?

कर्णनाद म्हणजे बाहेर कोणताही स्रोत नसताना ऐकू येणारा आवाज. प्रौढांपैकी साधारण १० ते १५ टक्के लोकांना तो कधी ना कधी सतावतो. परंतु रुग्ण जेव्हा ‘कानात आवाज येतो’ असे म्हणतो, तेव्हा त्या एका वाक्यात तीन-चार निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या असू शकतात, आणि आम्लाशी असलेल्या संबंधाचा प्रश्न त्यांतील प्रत्येकीसाठी वेगळा आहे. या प्रकरणात सर्वाधिक वेळ येथेच खर्च झाला, आणि माझ्या मते तो योग्य ठिकाणी खर्च झाला.

त्यांना श्रवणचाचणीच्या निःशब्द खोलीत बसवून, आता या क्षणी काय ऐकू येते ते सांगा, असे विचारले. आधी त्यांनी रातकिड्यासारखा बारीक, उंच पट्टीतला, अखंड किर्र आवाज सांगितला. मग घोटभर पाणी गिळायला सांगितले. किर्र आवाज तसाच राहिला, पण डाव्या कानात ‘टक्’ असे झाले आणि कान मोकळा झाल्यासारखा वाटला, असे ते म्हणाले. खालचा जबडा पुढे काढून दाबायला सांगितल्यावर किर्र आवाज किंचित वाढला. पुढच्या प्रश्नांतून असे निघाले की काही सकाळी डाव्या कानाला दडा बसतो, स्वतःचेच बोलणे घुमल्यासारखे ऐकू येते आणि दोन-तीनदा गिळले की ते सुटते. सात महिने ज्याला ते एकच तक्रार समजत होते, त्या दोन तक्रारी होत्या: एक किर्र, जो कायम होता आणि गिळण्याने बदलत नव्हता, दुसरा दडा, जो येत-जात होता आणि गिळल्यावर सुटत होता.

तपासणी

उजवा कानपडदा नेहमीसारखा, डावा किंचित आत ओढलेला. मध्यकर्णातील, म्हणजे पडद्यामागच्या पोकळीतील, दाब मोजणाऱ्या चाचणीत उजवीकडचा दाब सामान्य आणि डावीकडचा उणे १४० डेकापास्कल आला. श्रवणचाचणीत खालच्या व मधल्या पट्टीत दोन्ही कान चांगले होते. ४,००० हर्ट्झवर मात्र उजवीकडे ४० आणि डावीकडे ४५ डेसिबलपर्यंत घसरण होती आणि ८,००० हर्ट्झवर आलेख पुन्हा वर येत होता. चार हजारांजवळचा हा खड्डा दीर्घकाळ मोठ्या आवाजात काम केलेल्या कानाची ओळखीची खूण आहे.

नाकातून दुर्बिणीने पाहता घसा व मध्यकर्ण जोडणाऱ्या डाव्या युस्टेशियन नलिकेच्या तोंडाशी लाली होती आणि स्वरयंत्राच्या मागच्या भागावर थोडी सूज होती. ही दोन्ही लक्षणे आम्लाकडे बोट दाखवणारी म्हणून अनेकदा सांगितली जातात, परंतु ॲलर्जी, तंबाखू, सतत खाकरणे यांनीही तशीच लाली येते आणि कोणतीही तक्रार नसलेल्या माणसांतही ती आढळते. म्हणून तिच्यावर निदान उभे केले नाही. या गृहस्थांच्या नाकातील त्वचाही थोडी सुजलेली होती, हे पुढे लक्षात ठेवावे लागेल.

घशापर्यंत येणाऱ्या आम्लाच्या लक्षणांसाठी बेलाफ्स्की, पोस्टमा आणि कॉफमन यांनी २००२ मध्ये मांडलेली नऊ प्रश्नांची सूची वापरली जाते. १३ पेक्षा अधिक गुण असामान्य मानतात. येथे गुण १९ आले. विशेष म्हणजे त्या नऊ प्रश्नांत कानाविषयीचा एकही प्रश्न नाही. कर्णनादाचा दैनंदिन जीवनावर किती बोजा पडतो हे मोजणाऱ्या २५ प्रश्नांच्या, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रश्नावलीत १०० पैकी ४४ गुण आले, म्हणजे मध्यम स्वरूपाचा त्रास. हिमोग्लोबिन, थायरॉइड, ब-१२ जीवनसत्त्व आणि मॅग्नेशियम सामान्य होते. दोन्ही कानांतील घट जवळजवळ सारखी असल्याने आणि आवाज ठोक्याबरोबर येणारा नसल्याने मेंदूचा एमआरआय सांगितला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ मध्ये दिलेली मार्गदर्शक सूत्रेही अशा स्थितीत तो नेहमीसाठी करू नये असेच सांगतात.

आम्ल कानापर्यंत कसे जाऊ शकेल?

जठर आणि अन्ननलिका यांच्या सांध्यावरचा स्नायूंचा वलयाकार पट्टा अधूनमधून, गिळण्याशी संबंध नसताना, सैल पडतो आणि जठरातील द्रव वर येतो. अन्ननलिकेच्या वरच्या टोकालाही असाच पट्टा आहे. तोही ओलांडला गेला तर द्रव किंवा त्याचा सूक्ष्म तुषार घशात पोहोचतो. घशाच्या वरच्या भागात, नाकाच्या मागे, युस्टेशियन नलिकेचे तोंड असते. मध्यकर्णातील हवेचा दाब बाहेरच्या दाबाइतका ठेवण्याचे काम ही नलिका करते. प्रौढांत ती सुमारे ३६ मिलिमीटर लांब आणि तिरकी असते, एरवी मिटलेली राहते आणि गिळताना किंवा जांभई देताना क्षणभर उघडते. लहान मुलांत ती आखूड आणि जवळजवळ आडवी असल्याने घशातले द्रव कानात शिरणे सोपे जाते.

या मार्गाचा सर्वांत ठोस पुरावा मुलांमधूनच आलेला आहे. २००२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश अभ्यासात, कानात चिकट पाणी साठलेल्या मुलांच्या मध्यकर्णातील द्रवाच्या ८३ टक्के नमुन्यांत पेप्सिन किंवा त्याचे पूर्वरूप सापडले. पेप्सिन हे जठरात तयार होणारे पाचकद्रव्य आहे. ते कानात सापडते म्हणजे जठरातील काहीतरी तेथवर पोहोचले, हे मान्य करावे लागते. मात्र ही मुले होती, त्यांचा आजार कानात पाणी साठण्याचा होता आणि मोजमाप पेप्सिनचे होते, कर्णनादाचे नव्हते. या निष्कर्षावरून थेट प्रौढाच्या कानातील किर्र आवाजावर उडी मारता येत नाही.

प्रौढांत एवढे संभवते की, नलिकेच्या तोंडाशी वारंवार दाह झाल्याने ती नीट उघडत नाही, मध्यकर्णातील हवा शोषली जाऊन दाब उणा होतो, पडदा आत ओढला जातो आणि कानाला दडा बसतो. दडा बसल्यावर बाहेरचे आवाज मंदावतात आणि आतला आवाज अधिक स्पष्ट होतो. म्हणजे आम्ल हे आवाजाचे मूळ नसतानाही, असलेला आवाज ठळक करण्यास कारणीभूत होऊ शकते. अंतर्कर्णाची गोष्ट निराळी आहे. तो कवटीच्या सर्वांत कठीण हाडात बंदिस्त असतो, आणि प्रौढांत जठरातील आम्ल तेथवर जाऊन आवाज टिपणाऱ्या केशपेशींना इजा करते असे मानण्याइतका पुरावा उपलब्ध नाही.

मज्जातंतूंचा मार्गही सांगितला जातो. अन्ननलिकेला संवेदना पुरवणाऱ्या व्हेगस या मज्जातंतूचीच एक शाखा बाह्यकर्णाला जाते. म्हणूनच काही लोकांना कान साफ करताना खोकला येतो. घशातील दाहाचे दुखणे कानात जाणवण्याचे स्पष्टीकरण यातून मिळते. कर्णनादाचे मिळते का, हे अजून अनुमानाच्या पातळीवर आहे.

रात्रीचा योगायोग

या गृहस्थांचा स्वतःचा सर्वांत भक्कम पुरावा असा होता: ‘ज्या रात्री जळजळ जास्त, त्या रात्री कानही जास्त वाजतात.’ निरीक्षण खरे होते. पण त्याचा अर्थ लावताना रात्र या घटकाचा विचार करावा लागतो. आडवे झाल्यावर गुरुत्वाकर्षणाची मदत थांबते आणि झोपेत लाळ व गिळणे कमी होते, म्हणून आम्ल अन्ननलिकेत अधिक वेळ राहते. त्याच वेळी भोवतालचे आवाज थांबतात आणि कर्णनाद झाकणारे काही उरत नाही. म्हणजे दोन्ही तक्रारी एकाच तासाला वाढतात, पण वेगवेगळ्या कारणांनी. यात भर अशी की जळजळीने झोपमोड झालेला माणूस अंधारात जागा राहून कानाकडे लक्ष देत असतो, आणि अपुरी झोप व काळजी या दोन्हींमुळे जळजळ आणि आवाज दोन्ही अधिक बोचतात. आम्लपित्त असणाऱ्यांत कर्णनादाचे प्रमाण जास्त आढळल्याचे काही पाहण्यांत दिसते, ते वाचतानाही हा सहवास मनात ठेवला पाहिजे.

औषधांचा तिसरा धागाही होता. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन आणि त्या गटातील वेदनाशामके जठराच्या अस्तराला इजा करतात आणि कर्णनादही निर्माण करू शकतात. मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिनने येणारा कर्णनाद तर जुन्या काळापासून सर्वज्ञात आहे. अशा रुग्णात पोट आणि कान यांचा एकमेकांशी काही संबंध नसूनही दोघांचे कारण एकच गोळी असू शकते. आणखी एक विरोधाभास म्हणजे आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलच्या अधिकृत माहितीपत्रकात दुर्मीळ दुष्परिणामांत कर्णनादाचा उल्लेख आहे. ही औषधे वर्षानुवर्षे घेतल्यास ब-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते. येथे कालावधी कमी होता आणि तपासण्याही ठीक होत्या, म्हणून तो मुद्दा बाजूला ठेवला.

उपचारांचा क्रम

सगळे उपाय एकदम सुरू केले असते, तर कशाने काय झाले हे कधीच कळले नसते. म्हणून क्रम ठरवला, आणि रुग्णाला वहीत रोज तीन गोष्टी वेगवेगळ्या लिहायला सांगितल्या: जळजळ, दडा आणि किर्र, प्रत्येकी शून्य ते दहा. वही कंटाळवाणी होते हे मान्य आहे, पण या प्रकरणात कोणत्याही महागड्या चाचणीपेक्षा तिनेच अधिक सांगितले.

पहिल्या तीन आठवड्यांत आयबुप्रोफेन बंद करून कंबरेसाठी व्यायामोपचार सुरू केले. जळजळ थोडी उतरली. किर्र कमी झाल्यासारखा वाटतो असे ते म्हणाले, परंतु वहीतील आकडे पाच-सहाच्या आसपासच राहिले. त्यानंतर पँटोप्राझोलची वेळ बदलली. ते गोळी झोपताना घेत होते. हे औषध जठरातील आम्ल सोडणारे पंप कामाला लागताना परिणाम करते, म्हणून ते जेवणाआधी ३० ते ६० मिनिटे घ्यावे लागते. त्याच्या जोडीला रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटरचा ठोकळा, शक्यतो डाव्या कुशीवर झोप आणि वजन कमी करणे हे सांगितले. हा भाग आठ आठवडे चालला.

कानासाठीची चर्चा मात्र पहिल्याच भेटीत केली, कारण तिला थांबवण्यात अर्थ नव्हता. केशपेशी दुबळ्या झाल्या की त्या पट्टीतील संदेश मेंदूकडे कमी जातात आणि मेंदूतील श्रवणकेंद्रे आपली संवेदनशीलता वाढवतात. कमी ऐकू येणाऱ्याने रेडिओचा आवाज वाढवावा आणि त्याबरोबर खरखरही वाढावी, तसा किर्र आवाज तयार होतो. हे समजल्यावर, मेंदूत काहीतरी भयंकर वाढते आहे, ही त्यांची न बोललेली भीती बाहेर आली. रात्री खोलीत मंद पार्श्वध्वनी आणि कामावर कानांसाठी संरक्षण सुरू केले. जिंकगो ही वनस्पती, झिंक किंवा मेलाटोनिन दिले नाही. वर उल्लेखिलेली सूत्रे त्यांची शिफारस करीत नाहीत.

काय घडले आणि त्यातून काय म्हणता येते

अकराव्या आठवड्याच्या अखेरीस जळजळ जवळजवळ गेली होती. घशाच्या सूचीतील गुण १९ वरून ८ वर आले. डाव्या कानाचा दडा औषधाची वेळ बदलल्यानंतरच्या सहाव्या आठवड्यापासून क्वचितच बसत होता आणि मध्यकर्णाचा दाब उणे ४० वर आला होता. किर्र आवाज वहीत पाचच्या आसपास तसाच होता, तरीही कर्णनादाच्या प्रश्नावलीतील गुण ४४ वरून २६ झाले होते: आवाज तेवढाच, त्याचा जाच कमी.

मग औषध थांबवले. ही औषधे आठ आठवडे घेऊन बंद केल्यावर आम्ल काही काळ उसळते. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, निरोगी स्वयंसेवकांवरील चाचणीत याच गटातील इसोमेप्राझोल थांबवल्यानंतर ४४ टक्के लोकांना, तर निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी १५ टक्के लोकांना आम्लाच्या तक्रारी झाल्या होत्या. या गृहस्थांनाही तसे झाले आणि तोच आमच्यासाठी उपयोगी काळ ठरला: जळजळ सातवर गेली, त्या दिवसांत डाव्या कानाला तीन सकाळी दडा बसला, किर्र मात्र जागचा हलला नाही.

यावरून माझे मत असे आहे की दडा आणि आम्ल यांचे नाते या रुग्णात संभवनीय आहे, तर किर्र आवाजाचे मूळ ४,००० हर्ट्झवरील श्रवणघटीत आहे. ‘संभवनीय’ यापुढे मी जाणार नाही. नाकातील सूज त्याच काळात आपोआप उतरली असू शकते आणि तिच्यानेही नलिका मोकळी होते. दुसरे म्हणजे, घशाच्या तक्रारी औषधाने कमी झाल्या एवढ्यावरून त्या आम्लाच्याच होत्या असे ठरत नाही. २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेल्या चाचणीत घशाच्या दीर्घ तक्रारी असलेल्या ३४६ लोकांना १६ आठवडे दिवसातून दोनदा लॅन्सोप्राझोल हे त्याच गटातील औषध किंवा निष्क्रिय गोळी दिली, दोन्ही गटांत सुधारणा झाली आणि औषधाचा वेगळा फायदा दिसला नाही. निःसंदिग्ध उत्तर हवे असेल, तर नाकातून बारीक नळी घालून २४ तास अन्ननलिकेतील आम्ल मोजावे लागते. एकूण वेळेच्या ६ टक्क्यांहून अधिक काळ आम्ल आढळले तर ते निश्चित असामान्य आणि ४ टक्क्यांहून कमी असेल तर सामान्य धरतात. जळजळ आणि आंबट ढेकर ही ठळक लक्षणे असल्याने आणि त्यांना उतार पडल्याने येथे ती चाचणी केली नाही. एखाद्या रुग्णाला जळजळ मुळीच नसेल आणि केवळ कानासाठी आम्लाचे औषध देण्याचा विचार असेल, तर मात्र मी औषधाआधी ही चाचणी सुचवीन.

उसळी ओसरल्यावर जळजळ आठवड्यातून एखाद्या दिवसावर आली आणि तेवढ्यापुरते आम्लशामक पुरेसे ठरले. पँटोप्राझोल पुन्हा सुरू केले नाही. श्रवणचाचणी दर वर्षी करायची, वेदनाशामक स्वतःहून घ्यायचे नाही आणि कर्णनादाचा जाच पुन्हा वाढला तर बोधात्मक वर्तनोपचारासाठी (आवाजाविषयीचे विचार आणि प्रतिसाद बदलण्याच्या मानसोपचारासाठी) पाठवायचे, असे ठरले. जळजळ तीव्र होऊन टिकली, गिळताना अन्न अडकू लागले किंवा वजन घटले तर अन्ननलिकेची दुर्बीण तपासणी करायची आहे. एका कानाने अचानक, तासाभरात किंवा दोन-तीन दिवसांत, कमी ऐकू येऊ लागले, तर पित्ताची गोळी घेऊन वाट न पाहता त्याच दिवशी यायचे, हे त्यांना लेखी दिले आहे. त्या स्थितीत स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांतच सर्वाधिक होतो.